बाटलीवाले भाऊ

गिरणाई सोसायटी, डिंडोली, सुरत
११ ऑगस्ट २०२५

चिरंजीव चेतन,

तुला आणि गायत्रीला ताईचे पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. ज्वारीचे बिबडे पोचले का? डबा घट्ट लावून ठेवा, नाहीतर मुंबईच्या हवेत दोन दिवसांत मऊ पडतील.

फोन असताना ताईला पत्र कुठून सुचलं म्हणून तू हसशील. हस बाबा. फोनवर तू पहिल्या वाक्यालाच मला हसवतोस आणि माझं बोलायचं राहून जातं. इथे तुला मधे तोंड घालता येणार नाही.

तुझा तो हसवायचा कार्यक्रम दर शनिवारी बघते. तुझे दाजी बघत नाहीत, जाहिरात लागली की गॅलरीत जातात ते परत येतच नाहीत. जानेवारीत तू लिहिलेला तो बाटलीवाले भाऊ पहिल्यांदा आला, तेव्हा मात्र आख्खी गल्ली सुकदेवभाऊंच्या घरात बसली होती. तीन वर्षं आमच्या नळाला मिलच्या रंगाचं कधी लाल तर कधी निळं पाणी येतंय आणि तेच पाणी बाटलीत भरून एक माणूस ऑफिसात दाखवतोय, हे टीव्हीवर! सुकदेवभाऊ ह्यांना म्हणाले, "किसनभाऊ, आता काम झालंच समजा." सगळ्यांना चहा मी पाजला. माझा भाऊ लिहितो म्हणून काय मिरवले रे मी!

दुसऱ्या दिवशी आमच्या नगरसेवकानं तोच तुकडा स्वतःच्या स्टेटसला ठेवला. खाली हसरी तोंडं, आपल्या वॉर्डाचं नाव गाजलं म्हणून. ज्यानं लाजेनं मान खाली घालायची, तोच सगळ्यात मोठ्यानं हसला. गल्लीतल्या लोकांनाही वाटलं, टीव्हीवर आलं म्हणजे आपलं सांगून झालं. त्यानंतर सह्या मागायला गेलं की म्हणायचे, आता कशाला, सगळ्या जगानं बघितलं ना.

तरी ह्यांनी जूनमध्ये अर्ज तयार केला. मिलची पाळी संपवून दारोदार फिरले. पहिला अंगठा प्रमिलाबाईंचा. शेजारच्या त्याच, तू आलास की तुझ्यासाठी शेव करून आणायच्या. आम्ही वीसेक जणं वॉर्ड ऑफिसात गेलो. ह्यांनी पिशवीतून बाटली काढली आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "साहेब, मी काय म्हनस..."

साहेब खुर्चीतून उठलाच. "अरे, आवो आवो, बाटलीवाला काका!"

सगळं ऑफिस हसलं. शिपाई हसला, टेबलावरच्या बाया हसल्या, आमच्याबरोबर आलेले लोकही हसले. ह्यांनी पुन्हा सुरुवात केली, "मी काय म्हनस," आणि पुन्हा हशा. साहेबानं ह्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. अर्ज कुणी उघडलासुद्धा नाही. हे बाटली धरून तसेच उभे. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मीही हसत होते, चेतन.

त्या दिवसापासून हे पाण्याबद्दल बोललेले नाहीत. घरातही जेवायला वाढ, किल्ली कुठे, एवढंच. बारा दिवसांनी प्रमिलाबाई गेल्या. डॉक्टर म्हणाला लिव्हर. पाण्यामुळेच गेल्या असं मी लिहीत नाही, ते कोण सिद्ध करणार. पण त्यांच्या अंगठ्याचा कागद अजून आमच्या फ्रीजवर पडलाय.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तुझा काही दोष नाही असं मी सगळ्यांना सांगते, कारण दोष कुणाचा ते मला माहीत आहे. मागच्या भाऊबीजेला हे पाळीला गेले होते. मी ओट्यावरची तेलाची बाटली उचलली, एका हातानं पँट वर ओढल्यासारखं केलं आणि हे ऑफिसात पाणी दाखवायला जायचे तसं, ह्यांच्या आवाजात म्हटलं, "साहेब, मी काय म्हनस." तू फरशीवर लोळून हसलास. आई गेल्यापासून आपण दोघं असे हसलोच नव्हतो, म्हणून मी परत परत करून दाखवलं. ओवाळणी तू घालायची, त्या वर्षी मीच तुला घालून बसले.

ती पँट वर ओढायची सवय कशानं लागली, ते तेवढं सांगितलं नाही. दोन महिने काविळीनं झोपून होते. अंगावरचं सगळं उतरलं, पट्ट्याला भोक पाडायला जागा उरली नाही.

गणपतीत पाचव्या दिवशी नगरसेवक तुझा सत्कार करणार आहे आणि तू हो म्हटलंयस, असं कळलं. परवा तो घरी आला होता. खऱ्या बाटलीवाल्या भाऊंनीही स्टेजवर यायचं म्हणे, शेजारी शेजारी, पब्लिकला मजा येईल. मला वाटलं हे त्याला हाताला धरून बाहेर काढतील. हे म्हणाले, येतो.

तो गेल्यावर मी विचारलं, असं काय करता? तर म्हणाले, "खरं बोललो तरी हसतात. मग हसवायलाच उभा राहतो."

काल संध्याकाळी हे कपाटाच्या आरशासमोर उभे होते. हातात बाटली. पँट दोनदा वर ओढायची आणि तिसऱ्यांदा ओढताना अडखळायचं. ते अडखळणं ह्यांचं नाही रे, ते तुमच्या नटाचं आहे. तेही शिकले. आरशातून मला म्हणाले, "बघ बरं, जमतंय का?"

मी जमतंय म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

तू येऊ नकोस. काहीतरी कारण सांग, तुला कारणं लगेच सुचतात. आणि यंदा भाऊबीजेलाही येऊ नकोस. तू समोर बसलास की मला हसू येईल, आणि हे घरात असतील.

ही नक्कल सगळ्यात आधी केली ती,
तुझी छायाताई