शुभांगीच्या मागे

१२ ऑक्टोबर, रविवार

वारज्याचं मैदान. जमीन अजून मऊ आहे. पडायला बरी.

शुभांगी आज पुन्हा वळली. चौघींना चुकवून गेली, शेवटच्या रेषेपाशी आमच्याच नेहाने तिच्या कमरेला नुसता हात लावला, आणि बाई पाय रेषेला टेकवून माघारी. बॉल छातीशी तसाच. आमचे प्रशिक्षक, फौजेतून निवृत्त झालेले कदम सर, शिट्टी फुंकायचंही विसरले. मग म्हणाले, "काय राहिलं होतं घरी?"

कुणी हसलं नाही. गेल्या वर्षी रग्बीच्या राज्य स्पर्धेच्या फायनलला हेच झालं. रेषेपलीकडे जाऊन बॉल जमिनीला टेकवला तरच ट्राय, तरच गुण. तिने रेषा ओलांडली, टेकवला नाही, हात वर करून आमच्याकडे पळत आली. मुंबईच्या दोघींनी तिला वाटेतच पाडलं. सामना तिथेच संपला. बॉल तिच्या पोटाखाली होता. चुकीच्या बाजूला.

दहा वर्षं कबड्डी. चढाई करायची, शिवायचं, मध्यरेषेवर परत यायचं. तिच्या पायांना एवढंच माहीत.

१५ ऑक्टोबर, बुधवार

कॉलेजात पेपर. "आधुनिकता म्हणजे काय" या प्रश्नाला एकाने मोबाइल असं उत्तर दिलं आहे. अर्धा गुण दिला.

संध्याकाळी शु.चा फोन. लोणी काळभोरचे तिचे जुने कबड्डीचे प्रशिक्षक, तात्या, परत बोलावतायत. पुढच्या महिन्याच्या शेवटी निवड चाचणी.

"तात्या म्हणत्यात, अजून वय हाय. तिकडं वाया चाललीस."

"तू काय म्हणालीस?"

"राज्य स्पर्धा होऊ द्या म्हणलं. यंदा पण मी घाण केली तर परत जाते. तुम्ही बी सुटला, मी बी सुटले."

मी म्हटलं, असं काही नाही. यापेक्षा बरं वाक्य सुचायला हवं होतं. बारा वर्षं वाक्यंच शिकवते आणि...

ती गेली तर संघ राहील. आमचा खेळ सातजणींचा, हरायला कुठल्याही सात पुरतात.

१९ ऑक्टोबर, रविवार

सरांचे उपाय. फक्कीची रेषा जाड करून झाली. रेषेपलीकडे जुनी गादी टाकून झाली. "गादी दिसली की झोप, एवढं तरी जमेल?" जमतं. एकटी असली की शंभर टक्के जमतं. अंगाला हात लागला की वळते. पकड आली की घरी. विचार करायच्या आत.

मग शेवटी ते घडलं. मी मागे पडले होते. नेहमीच असते, सदतीस पूर्ण झाली आणि आधीही वेग नव्हता. तर मी मागे होते, तिला तिघींनी धरलं, ती वळली, आणि एकदम आम्ही समोरासमोर. बॉल तिच्या दोन्ही हातांत, माझ्या पोटाच्या उंचीवर. वाढून ठेवल्यासारखा. घेतला. पुढे कुणी नव्हतं. सगळ्या तिला धरून बसल्या होत्या. मी चालत गेले असते तरी पोचले असते.

टेकवला. मागे वळून पाहिलं तर सर कमरेवर हात ठेवून उभे.

"प्राध्यापक, मुद्दाम मागे राहिलात की स्वभाव?"

"स्वभाव."

"तोच ठेवा. परत करा."

अंधार पडेपर्यंत परत. शु. आज जाताना शीळ घालत होती.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. डाव्या दंडावर मोठा निळा डाग, कडेने पिवळा व्हायला लागलाय. आई म्हणाली, "ओवाळताना बाही खाली घे. त्याला वाटेल आम्ही मारतो."

भावाने विचारलं, "ते अजून चालू आहे का?"

"ते म्हणजे?"

"ते. चिखलातलं."

मी बोलायच्या आत आईच. "चालू आहे. सोसायटीत आता मला रग्बीवाल्या बाईंची आई म्हणतात. तुझी आई म्हणून कोणी ओळखत नाही."

तक्रार होती की काय, कळलं नाही. बासुंदी मात्र मला जास्त वाढली.

२ नोव्हेंबर, रविवार

आता हे नेमाने करतो आहोत. शु. बॉल घेऊन घुसते, धरतात, ती वळते, मी असते. सर याला काही नाव देत नाहीत. "तुमचं ते" म्हणतात.

या खेळात हाताने बॉल पुढे देता येत नाही. फक्त मागे. शिकवताना मी नवीन मुलींना हे पहिल्या दिवशी सांगते आणि पाच वर्षं स्वतः नियम म्हणूनच पाळत होते. आता समजतंय. तिच्या जवळ गेले तर दोघींना एकदमच पाडतात. लांब राहिले तर पास जमिनीवर. तिचा खांदा कुठल्या बाजूने पडणार ते तिच्या आधी कळावं लागतं. उजवा. जवळजवळ नेहमी उजवा, कारण चढाईतून ती उजवीकडूनच परतायची. तिलाही हे माहीत नव्हतं. सांगितलं तर म्हणाली, "तात्यांना बी न्हाई माहीत हे."

चूक दुरुस्त केली नाही. तिच्या मागे जाऊन उभी राहिले, एवढंच.

संध्याकाळी गुडघ्यावर बर्फ. आई, "फ्रीजमध्ये मटार ठेवायला जागा नाही."

९ नोव्हेंबर, रविवार

सरावाचा सामना. एका कॉलेजच्या मुलांचा संघ, वजनाने आमच्या दीडपट. आधी आम्हांला "ताई, सावकाश" म्हणत होते. पहिल्या सात मिनिटांनंतर म्हणेनात.

नेहा नागपूरकडची, हिंजवडीत नोकरी, एरवी शांत. तिने त्यांच्या सर्वांत मोठ्या मुलाला पायात पाडला आणि वर उठून विचारलं, "लागलं का जी दादा?"

जिंकलो. तीन ट्राय, दोन माझ्या. पाच वर्षांत मिळून माझ्या दोन नव्हत्या.

शु. मात्र बसस्टॉपवर म्हणाली, "मी स्वतः एक बी न्हाई टेकवला मॅडम."

"तू दिलास म्हणून टेकला."

"ते झालं. पण मी न्हाई टेकवला."

२२ नोव्हेंबर, शनिवार

राज्य स्पर्धा. दिवस पहिला. यंदा पुण्यातच. ऊन कडक, हवा गार.

सकाळचा सामना कोल्हापूरशी. जिंकलो. दुपारचा नाशिकशी. जिंकलो, आरामात. "आपलं ते" पहिल्यांदा परक्या संघावर लागू पडताना पाहिलं. चार-चार हात शु.ला धरायला येतात, ती वळते, आणि मी. प्रत्येक वेळी त्यांच्या चेहऱ्यावर तोच भाव: ही कोण, आणि ही इथे कधी आली?

दुसऱ्या सामन्यात मुंबईचा सगळा संघ कठड्यावर बसून बघत होता. एकीच्या हातात मोबाइल, शूटिंग. जाताना त्यांच्यातली एक शु.ला म्हणाली, "उद्या पण घरी जाणार का?"

शु. म्हणाली, "जाणार की. कप घेऊन."

नंतर तिने पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

नीट लिहायचं आहे. बोटं सुजलीत.

फायनल. मुंबई. दोन डाव, सात-सात मिनिटं. पहिल्या डावात त्यांच्या दोन ट्राय, आमच्याही दोन, पाच-पाच गुणांच्या, पण त्यांची एक किक खांबांमधून गेली, वर दोन गुण. बारा-दहा, त्या पुढे. आमच्या दोन्ही "त्या"नेच. दुसरीनंतर त्यांनी ओळखलं. दुसरा डाव सुरू झाला तेव्हा त्यांची एक उंच मुलगी बॉलकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी जिथे, ती तिथे. शु. वळायची, मी समोर, आणि माझ्या पाठीवर ती मुलगी. तीनदा आमचा बॉल गेला.

सर कडेला उभे राहून घड्याळ बघत होते. 

शेवटचं मिनिट. आमच्याच अर्ध्यात नेहाने बॉल हिसकला, शु.ला दिला. शु. घुसली. पहिली चुकवली, दुसरीचा हात झटकला. रेषेच्या दहा-बारा पावलं अलीकडे दोघींनी धरलं. ती उजवीकडे वळली. मी होते. उंच मुलगी मला पकडूनच उभी होती, नियमात बसत नव्हतं ते, पण पंचाला दिसलं नसावं.

शु.ने माझ्याकडे पाहिलं. बॉल पुढे केला. मी हातही पसरले. आणि तिने दिला नाही. वळतच राहिली. मला वाटलं पडते आहे. पण ती भिंगरीसारखी पूर्ण फिरली, धरलेले हात मागे सुटले, आणि तोंड परत रेषेकडे.

ती रेषेपलीकडे पोचली तशी मी ओरडले. आम्ही सगळ्याच. "खाली! शुभे, खाली!" कडेने सरांचा आवाज, सैन्यात वापरत असतील तसला.

तिने बॉल टेकवला नाही. बॉलवर झोपली. दोन्ही हातांनी कवटाळून, पाय पोटाशी घेऊन. शिट्टी झाली तरी उठेना. पंच वाकून म्हणाले, "मॅडम, झाली ट्राय." ती म्हणाली, "नक्की?" ते म्हणाले, "नक्की." तरी आणखी थोडा वेळ पडून राहिली.

पंधरा-बारा. किक आम्ही घालवली. कुणाला पडली होती.

उंच मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सॉरी, तुम्हांला जरा जास्तच धरलं." मी म्हटलं, अजिबात सोडायचं नव्हतं, बरं केलंस.

सरांनी प्रत्येकीशी हात मिळवला, ओळीने, हजेरी घेतल्यासारखा. शु.पाशी आले तेव्हा टोपी काढली. परत घातली. 

आई आली होती. मला माहीत नव्हतं. छत्री घेऊन, उन्हासाठी. "शेवटची ती वळली तेव्हा मी डोळे मिटले," म्हणाली. "काय झालं ते घरी गेल्यावर सांग. सविस्तर."

सांगितलं. दोनदा.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पहिलं लेक्चर. खडू धरता येईना. मुलांना म्हटलं, आज फळा नाही. मागच्या बाकावरून, "मॅम, जिंकलात ना?" कुणी सांगितलं विचारलं तर सगळ्यांकडे व्हिडिओ. शु. फिरते आहे, मी हात पसरून मूर्खासारखी उभी. त्याच ठिकाणी व्हिडिओ थांबवून त्यांनी माझा फोटो वर्गाच्या ग्रुपवर लावला आहे.

आजच्याइतकं लक्ष देऊन त्यांनी मला कधी ऐकलं नव्हतं.

शु.ला फोन केला. खूप वेळ फायनलचंच बोललो. प्रत्येक पास. ठेवताना म्हणाली, "रविवारी तात्यांची चाचणी हाय."

"जिंकलीस तर जाणार नव्हतीस."

"मी म्हणले हरलो तर जाते. जिंकलो तर काय, ते मी म्हणलेच न्हवते."

खरं आहे. तपासून पाहिलं वर, १५ ऑक्टोबर. तसंच म्हणाली होती.

३० नोव्हेंबर, रविवार

तिने "येता का बघायला" विचारलं, म्हणून लोणीला गेले. स्कूटरवर, सोलापूर रस्त्याच्या ट्रकांमधून. शाळेचं पटांगण. तात्या धोतरात असतील असं का कोण जाणे वाटलं होतं. ट्रॅकसूट, गॉगल.

"त्या रग्बीच्या मॅडम तुम्हीच का?"

"हो."

"चांगली पोरगी नेली तुम्ही आमची."

"स्वतः आली."

"आता स्वतःच परत यील." हसून म्हणाले, पण डोळे गॉगलमागे.

शु. चढाईला गेली. मी तिला कबड्डी खेळताना पहिल्यांदाच पाहत होते. सुंदर खेळते. बोलायला शब्द नाहीत असं मी विद्यार्थ्यांच्या निबंधात खोडते, पण. समोरच्या सातजणी मागे मागे सरकत होत्या आणि ती एकटी, दम धरून, कुजबुजल्यासारखी कबड्डी कबड्डी. दोघींना शिवली, एकीने घोटा पकडला, ती तशीच ओढत मध्यरेषेवर आली. पटांगण उभं राहिलं. मीही राहिले. टाळ्या वाजवल्या. मनापासून, याचं जरा आश्चर्य वाटलं.

निवड झाली. सराव मंगळवार, गुरुवार, संध्याकाळी. आमचाही रविवारखेरीज मंगळवार, गुरुवार, संध्याकाळी.

हायवेला रसवंतीत बसलो. ती बराच वेळ ग्लासातला बर्फ हलवत होती.

"मॅडम, आज चढाईला गेले तवा एक विचित्र झालं. मधेच वाटलं, मागं कोण न्हाई. दहा वर्षं खेळले, असं कधी वाटलं न्हवतं. मागं कोण नसतंयच की कबड्डीत."

"मग?"

"मग काय. दोघींना शिवून आले."

हसली. मीही.  मंगळवारचं मी विचारलं नाही. तिने आणखी दोन ग्लास सांगितले, आलं घालून, आणि खुर्ची माझ्या बाजूला ओढून घेतली.