दाणापेटीचा पहारा

विरोक्वा, ६ ऑक्टोबर

चि. वर्लिन यास ताईचे अनेक आ., वि. वि.

कालही रॅकूनने पाखरांची दाणापेटी साफ केली. आकडा सोडवून पेटी खाली पाडतो आणि वर हात चोळत माझ्याकडे बघतो! हे गेल्यापासून सकाळी मला सोबत होती ती लाल कार्डिनल पाखरांच्या जोडीची. तीही चार दिवस फिरकली नाही. फार चुकल्यासारखं वाटतं रे. शेजारचा हाल्वर म्हणतो, मी रॅकूनच पाळलाय. मी त्याच्याशी बोलणं सोडलंय. उपाय कळव.

माया असू दे.
तुझी आर्डिसताई

डेकोरा, १५ ऑक्टोबर

ती. ताईस वर्लिनचा सा. न., वि. वि.

खांबाला ग्रीस फास, दाण्यात तिखट कालव. पाखरांना तिखट लागत नाही, रॅकूनला लागतं. नंतर हात धू, तुला डोळे चोळायची खोड आहे. आणि हाल्वरवर रुसून कसं चालेल? चाळीस वर्षं जंगलखात्यात काढलीत त्याने.

रागावलीस तरी पत्र लिही.
तुझा वर्लिन

विरोक्वा, ९ नोव्हेंबर

चि. वर्लिन यास अनेक आ.

तुझ्या ग्रीसने माझा चांगला कोट गेला. तिखटाने डोळे माझे सुजले, रॅकूनने मिटक्या मारल्या. शेवटी मुकाट्याने हाल्वरला विचारलं. तो म्हणाला, पेटी संध्याकाळी घरात घ्यायची, सकाळी टांगायची. या कमरेने मला पायऱ्या उतरवत नाहीत म्हटलं, तर आता दोन्ही वेळा तोच येतो. आलाच आहे म्हणून कॉफी घेतो. कार्डिनल परत आले! मी रडलेच.

तुझी ताई

विरोक्वा, १४ जानेवारी

चि. वर्लिन यास अनेक आ.

कुणाला सांगू नकोस. पुस्तकात वाचलं, कडाक्याच्या थंडीत रॅकून आठवडेच्या आठवडे ढोलीत झोपून असतो. महिनाभर अंगणात त्याचं पाऊल नाही. हाल्वरला कळलं तर तो यायचा थांबेल, आणि मी त्याच्यासाठी बटाट्याच्या लेफ्सा-पोळ्या भाजून ठेवते, त्या कोण खाणार? म्हणून काल पायरीवरच्या बर्फात जेवणाच्या काट्याने रॅकूनची पावलं उमटवली. हाल्वरने ती वाकून निरखली आणि गंभीरपणे म्हणाला, फारच मोठा दिसतोय, आता दुपारीही फेरी मारायला हवी. भल्या माणसाला फसवते आहे, लाज वाटते.

तुझी ताई

डेकोरा, २१ जानेवारी

ती. ताईस सा. न.

हसून हसून ठसका लागला. अगं, जंगलखात्यातल्या माणसाला रॅकून कधी झोपतो हे ठाऊक नसेल? पहिला बर्फ पडला तेव्हापासून त्याला माहीत असणार, आता रॅकून यायचा नाही. दुपारी येतोच आहे, तर जेवायला थांबव.

तुझा वर्लिन