नवरीच्या मामाचं आतडं

३ मार्च, सोमवार

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातून आलो. अंग दुखतंय, पण मन खंबीर.

मला मूळव्याध नाय. ‘मूळव्याध, भगंदर, शंभर टक्के गॅरंटी’ असा बोर्ड लावलेल्या मुरबाडच्या माणसानं दोन वर्षं मला गरम पाण्याच्या टबात बसवलं, ते सगळं बसणं फुकट गेलं. इथं दुर्बीण घातली आणि कळलं, मोठ्या आतड्याला सूज आहे, आत जखमा आहेत, रक्त तिथून पडतं. आजाराचं नाव इंग्रजी आहे, भारदस्त आहे. आमच्या किन्हवली गावात दुसऱ्या कोणाला नसणार.

आमचा न्हावी मिशीला जेवढा टाइम देतो, तेवढाही डॉक्टरनं मला दिला नाय. बोलला, गोळ्या रोज घ्यायच्या, बरं वाटलं तरी बंद करायच्या नाहीत, तपासणीला यायचं. नेक्स्ट. आणि पोटाच्या विभागातल्या संडासाला कुलूप. चावी शिपायाकडे, शिपाई जेवायला. याला काय क्वालिटी बोलायची का?

भाची हर्षाली सुट्टी टाकून बरोबर आली होती. कल्याणच्या ऑफिसात आहे, रोज आसनगाववरून जाते. तिचं ४ मेला लग्न, आमच्याकडेच. बाप नाय तिला, माझ्या बहिणीनं बाईजानं एकटीनं वाढवली. परत येताना मी विचारलं, मामाकडून काय पायजे. बोलली, “काय नको. मंगलाष्टकांना तू पाठी उभा राहा, बस.” शब्द दिला. आता गोळ्या रोज, तिखट बंद, मटण बंद.

८ मार्च

रक्त थांबलं. पोट शांत. गोळ्यांनी थोडीफार मदत केली असेल, पण मेन म्हणजे माझी शिस्त.

१३ मार्च, होळी

पूर्ण बरा. होळीभोवती ढोलावर नाचलो, एकदाही पळावं लागलं नाय.

विचार केला. गोळी आजारी माणसासाठी असते. बरा माणूस गोळी खातो म्हणजे पंक्चर नसताना ठिगळ मारतो. डॉक्टरला ‘बरं वाटलं तरी’ बोलावंच लागतं, त्यांचा धंदा आहे. बंद केल्या. बंद म्हणजे स्टॉकमध्ये ठेवल्या.

हर्षालीचा फोन आला. रोज घेतो म्हणून सांगितलं. पोरीला लग्नाच्या आधी टेन्शन नको.

२० मार्च

शेजारच्या गोमाचं पोट दुखत होतं. भाऊबंद आहे, बघवलं नाय. स्टॉकमधल्या दोन गोळ्या दिल्या. सकाळी ठणठणीत. फणसाची भाजी बाधली होती, आपोआप उतरलं असतं असं माझी बायको सोनाली बोलते. तिला मेडिकलमधलं काय कळतं?

२८ मार्च

लहानीकाकूला दिल्या. कमळूला दिल्या. गोमा तर आता रोज जेवून आला की दारात उभा राहतो. नाय कसं बोलणार? आपल्यात औषधाला कोणी कोणाला ‘नाय’ बोलत नाय.

मी प्रत्येकाला बजावतो, बरं वाटलं तरी बंद करायच्या नाहीत. गोमानं एक म्हशीला पण घातली. म्हैस पण बरी आहे.

आपली सर्व्हिस हॉस्पिटलपेक्षा भारी चाललीय. लाइन नाय, केसपेपर नाय, दर वेळी तोच डॉक्टर, आणि संडास चोवीस तास उघडा.

६ एप्रिल

मंडपाची जागा फायनल. ‘अनंता डेकोरेटर्स’च्या मालकाच्या, म्हणजे माझ्या भाचीचं लग्न, पंचक्रोशीनं नाव काढलं पायजे. रस्त्यापलीकडच्या शेतात मोठा स्टेज, कमान, झुंबर. सोनाली बोलली, दारातच मंडप घाला, लागलं सवरलं तर घर जवळ असलेलं बरं. मी विचारलं, काय लागणार? तिनं नुसतं माझ्या पोटाकडे बघितलं. मी हसलो.

कर्णे मात्र एकदम पॉवरवाले लावणार, घरापर्यंत क्लियर ऐकू आलं पायजे.

१७ एप्रिल

पोट जरा नरम. उन्हाळा आहे, विहिरीचं पाणी तळाला गेलंय, सगळ्यांचंच होतं. लाल दिसलं ते बीट असणार. बीट खाल्ल्याचं आठवत नाय, पण लग्नाच्या बैठकांना कुठे कुठे जेवलो त्याचा काय हिशोब?

आज हॉस्पिटलची तपासणी होती. गेलो नाय. दर वेळी नवीन डॉक्टर, पहिल्यापासून विचारणार काय होतंय, त्याला शिकवण्यात माझा दिवस जाणार. हर्षालीचा फोन. सांगितलं, जाऊन आलो, डॉक्टर बोलला एवन. तिनं विचारलं, कुठला डॉक्टर? चष्मेवाला बोललो. बरं वाटलं तिला. हसली फोनवर.

२६ एप्रिल

सारखं जावं लागतंय. रक्त आहे. बीट नाय.

घाबरण्यासारखं काय नाय, गोळ्या परत चालू करायच्या ठरवल्या. डबा उघडला तर रिकामा. गोमाकडे परत मागितल्या. बोलला, शेवटचं पाकीट मेव्हण्याला दिलं, त्याला खांदेदुखी आहे.

शहापूरला मेडिकलमध्ये गेलो. ही गोळी ठेवत नाय, मागवावी लागेल, आली तर फोन करू. आली तर! तालुक्याच्या गावाला ही हालत. सिस्टीमच सडलीय, पेशंटनं किती काळजी घ्यायची?

सोनाली बोलली, हर्षालीला सांगा, ती कल्याणवरून आणेल. मी दम दिला, पोरीला एक शब्द कळता कामा नये. मुरबाडच्या बोर्डवाल्याकडून चूर्ण आणलं. गॅरंटी त्याची अजून शंभर टक्केच आहे.

३ मे, हळद

अशक्तपणा आहे. कोणाला दाखवला नाय.

मटण खायचं नाय हे ठरलेलंच होतं. पण आचारी बोलला, मामांनी मीठ बघितल्याशिवाय पातेलं उतरवणार नाय. फक्त रस्सा घेतला. मग दुसऱ्या पातेल्याचं पण बघावं लागलं. नंतर पोरांनी मामाला नाचायला ओढला. नाय बोललो असतो तर संशय आला असता.

हर्षाली हळदीनं पिवळी झालेली, जवळ आली. विचारलं, गोळी घेतलीस? घेतली बोललो. तिनं माझ्या गालाला हळद लावली.

४ मे, लग्न. घरातूनच लिहितोय

मंडपात पाच मिनिटांत होणारं काम होतं. मी हर्षालीच्या पाठी उभा होतो, फेटा बांधून. भटजी तयार. पण माइकवर सत्कार चालू झाले. आजी, माजी, भावी पुढारी. प्रत्येकाला शाल, नारळ आणि दोन शब्द. यादी मीच केली होती, कोणी रुसायला नको म्हणून. भावी बरेच निघाले.

एका भावीचे दोन शब्द चालू असताना मला जावं लागलं. शेत, बांध, रस्ता, अंगण. फेटा कुठे पडला कळलं नाय.

कर्ण्यांचा आवाज खरंच क्लियर आहे. आत बसल्या बसल्या सगळं ऐकू येत होतं. “नवरीचे मामा श्री. अनंताशेठ जिथं असतील तिथून त्यांनी मंडपात यावं.” मग परत. मग नुसतं, मामा या. मग माइक कोणीतरी घेतला आणि हर्षालीचा आवाज आला, “मामा येईपर्यंत अंतरपाट धरून ठेवा.”

उठायला गेलो. डोळ्यांपुढे काळं आलं. परत बसलो. आता संडासाच्या दाराबाहेर बसून हे लिहितोय, म्हणजे शुद्धीवर आहे. दोन मिनिटांत निघतो.

मंगलाष्टकं चालू झाली.

६ मे, वॉर्ड

नवऱ्याच्या फुलांच्या गाडीतून मला परत त्याच हॉस्पिटलात आणला. त्यामुळे वरात दुसऱ्या गाडीतून गेली. रक्ताच्या बाटल्या चढवल्या.

माझ्या जागी गोमा उभा राहिला. त्याची तब्येत उत्तम आहे.

आज हर्षाली आली. हातात हिरवा चुडा, मेंदी तशीच. नवरा आदेश दाराशी थांबला. चिडेल वाटलं होतं, चिडली नाय. नवीन डॉक्टर आला. पहिल्यापासून विचारलं, काय होतंय? मी तोंड उघडायच्या आत हर्षालीनंच सांगितलं. गोळ्या रोज घेतात, एक चुकवली नाय, तपासणीला पण आले होते, चष्मेवाले डॉक्टर एवन बोलले. सगळं खरं मानून सांगत होती.

डॉक्टर विचारात पडला. बोलला, एवढं नियमित घेऊन ही हालत म्हणजे औषध लागूच पडत नाय. सर्जनला दाखवू, आतडं काढावं लागेल का ते बघू.

मी छताकडे बघत होतो. पंखा फिरत होता.

सोनाली कोपऱ्यात स्टुलावर बसलेली. बोलली, “म्हशीला लागू पडलंय, डॉक्टर.”

मग तिनं सगळं सांगितलं. गोमा, मेव्हणा, मुरबाड, पातेली. डॉक्टरनं सर्जनचं खोडलं आणि तीच गोळी परत लिहिली. डॉक्टर गेल्यावर हर्षाली माझ्याकडे न बघता बोलली, “मी पाठी वळून बघितलं होतं, मामा. गोमामामा उभा होता.”

मला रडायला आलं. उन्हाळ्यामुळे अशक्तपणा फार आहे.

ती उठून बाहेर गेली. वाटलं, गेली सासरी. परत आली. जेवत्या शिपायाकडून संडासाची चावी घेऊन आली होती. माझ्या उशाखाली ठेवली, गोळी हातावर दिली, आणि मी गिळेपर्यंत समोर उभी राहिली.