डंपरचा वेग आणि वजन

अल वक्रा, मंगळवार, १२ मार्च २०१९

डोकं अजून तापलेलंच आहे. संध्याकाळी हेमंत चहा घेत साइटवरच्या अपघाताचा रिपोर्ट लिहीत होता. फुटबॉल वर्ल्ड कपच्या स्टेडियमच्या रस्त्यावर डंपरने सायकलवरच्या सुताराला उडवलं, त्याचा पाय गेला. आणि रिपोर्टात काय, तर डंपरचा वेग अगदी कमी होता.

कमी होता म्हणे. इथे आखातात येण्याआधी नाशिकला अकरा वर्षं फिजिक्स शिकवलंय मी. म्हटलं, "वजनही लिही. धक्का दोघांना सारखाच बसतो, पण डंपर हलतही नाही आणि सायकल उडते."

"वर्ल्ड कपची घाई आहे गं, इथे फिजिक्स नको." वर इंग्रजी तपासायला लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

ह्या माणसाबरोबर संसार करते मी?

त्या कमी वेगाच्या वाक्यापुढे मी लिहिलं, भरलेल्या डंपरचं वजन तीस टन. त्याने वाचलं, माझ्यादेखत पुसून टाकलं आणि विचारलं, "बाकी स्पेलिंग बरोबर आहेत ना?"