दगडावर एकच नाव

१२ एप्रिल
जमीन अजून गोठलेलीच. माझा नवरा एल्व्हिओ जानेवारीत गेला, तो अजून दफनभूमीच्या कोठीत पडून आहे. माती सुटली की पुरतील. व्हरमाँटमध्ये हिवाळ्यात मरू नये माणसानं!

सूप आजही दोघांचं केलं.

१९ एप्रिल
शेजारची लॉरेन आली होती. "थडग्याच्या दगडाचं शेवटी काय ठरलं गं, ग्रॅनाइट की स्लेट?" मला हसवायला बघत होती. आमचं भांडण गावभर माहीत. राज्याचे अधिकृत दगड तीन – ग्रॅनाइट, संगमरवर, स्लेट. एकालाच मान देऊन बाकीच्या खाणवाल्यांचा राग ओढवून घ्यायची छाती कुणाची! एल्व्हिओ ग्रॅनाइट कोरणारा, मी स्लेटच्या गावची. "पाटीखाली झोपायला मी काय शाळेत आहे?" म्हणायचा.

२० एप्रिल
दिवसभर कुणी नाही. रेडिओशी भांडले.

६ मे
दीर रेमोने कारखान्यात बोलावलं. एल्व्हिओने स्वतःचा दगड आधीच कोरून झाकून ठेवला होता! सुंदर. त्याचं नाव, बरोबर मधोमध.

माझं नाही. जागासुद्धा नाही. इथे जोडप्याची नावं एकाच दगडावर कोरतात, मागे राहिलेल्याची शेवटची तारीख तेवढी रिकामी. सगळ्यांचं असंच.

"मी कुठे, रेमो?" त्याने दगडावर परत कापड ओढलं.

८ मे
पुरलं. बायका दगडाकडे बघत, मग माझ्याकडे. "जागा सोडायची विसरला असेल," लॉरेन म्हणाली. जन्मभर दगड कोरणारा जागा विसरतो?

त्याला मी शेजारी नको होते. मेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही.

९ मे
माहेरच्या दफनभूमीत जागा विचारली. आहे म्हणाले.

१५ मे
रेमो आला. कॉफी दिली, बस म्हटलं नाही. माहेरी जागा घेतेय हे सांगितलं, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"अगं बेथन, बोलू नकोस म्हणून बजावलं होतं त्यानं. लॉरेनचं नाव तिच्या नवऱ्याच्या दगडावर त्यानंच कोरलेलं ना? दर रविवारी ती नवऱ्याला फुलं आणते नि स्वतःच्याच नावापुढे उभी राहते. ते बघवायचं नाही त्याला. म्हणाला, बेथनवर ही पाळी नको. तिला अजून जगायचंय, उद्या दुसरं लग्नही करेल. तुझं नाव घालायला छिन्नी लावली होती गं त्यानं. हातच उठेना."

आत जाऊन रडले. नळ सोडून, रेमोला ऐकू जाऊ नये म्हणून.

१६ मे
सकाळीच रेमोला फोन केला. दगडाची मागची बाजू कोरी आहे, छिन्नी घेऊन ये म्हटलं. तारखेची जागा सोड. मला घाई नाही.