तापाचं सोंग

प्रिय चिमणे,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. पत्र फाडायचं तर फाड, पण वाचून मग.

परवा कपाट आवरताना आपल्या दोघींचा फोटो सापडला, बायकांना मताचा हक्क मिळाल्यावर पहिल्यांदा मत देऊन आलो त्या दिवशीचा. तू खुर्चीवर उभी, तरी माझ्या खांद्यालाच! मतदान केंद्रावरच्या कारकुनानं तुला विचारलं होतं, "घरच्यांना विचारून आलात ना?" आणि तू म्हणालीस, "त्यांनी मत देताना मला विचारलं नव्हतं, मी का विचारू?" रांग खो खो हसली. परतताना आपण अख्खा रस्ता गात आलो. वाटलं, झालं, आता सगळं मिळालं.

पुढच्याच वर्षी तू लग्न केलंस आणि शाळा समितीचं पत्र आलं. विवाहित शिक्षिकेनं राजीनामा द्यावा, असा नियम. आपल्याच शाळेतल्या गणिताच्या मास्तरांचं लग्न त्याच महिन्यात झालं, त्यांना मात्र समितीनं हार घातला. तू राजीनामा दिला नाहीस. त्यांनी काढून टाकलं, तू कोर्टात गेलीस. वकिलांना एकच साक्ष हवी होती: लग्नानंतरही तुझं शिकवणं तसूभर कमी झालं नाही, हे सांगणारी. ते माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? आपल्या वर्गांमध्ये नुसती लाकडी फळी होती. तुझा पाढ्यांचा सूर लागला की माझी पोरंही माना डोलवायची.

साक्षीच्या सकाळी मी ताप आल्याचा निरोप पाठवला. आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं होतं, "पुढची मुख्याध्यापिका तुम्हीच. फक्त उद्या सांभाळा." मी सांभाळलं.

त्याच दिवशी तू खटला हरलीस आणि संध्याकाळी माझ्याकडे आलीस, हातात पेजेचा डबा. माझ्या कपाळावर हात ठेवलास. गार कपाळ. हात तसाच ठेवून म्हणालीस, "गरम आहे तोवर पी," आणि गेलीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं गं. ती पेज मी रडत रडत सगळी प्यायले.

मुख्याध्यापिका झाले. त्या नियमाखाली आणखी तिघींची पत्रं माझ्याच सहीनं गेली. तिसरी माझ्यासमोर बसून म्हणाली, "बाई, तुम्हीसुद्धा?" त्या दिवसापासून नीट झोप नाही. यंदा हा नियम रद्द करण्यासाठी कायदेमंडळाच्या समितीनं साक्षी मागवल्या, तेव्हा बोलावण्याची वाट न बघता गेले. तुझं शिकवणं सांगितलं, त्या तिघींचं सांगितलं, आणि तो ताप खोटा होता हेही सांगितलं. लिहून घेणाऱ्याची लेखणी थांबली. मी म्हटलं, "लिहा, लिहा."

माफी मागायला हे पत्र नाही, ती कोणत्या तोंडानं मागू? काल कायदा मंजूर झाला. काढलेल्या शिक्षिकांना परत घ्यायचंय. सोबत तुझं नेमणूकपत्र आहे, खाली माझी सही. पाचवीचा वर्ग एक तारखेपासून तुझा. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ये. रागावलेली असशील तर तशीच ये. पाचवीची पोरं फार माजलीत, तुझा राग कामी येईल.

तुझीच,
ताडमाड