पत्रिकेच्या चकत्या

अण्णा, तुमचा काडतुसांचा डबा सापडला. तुम्ही गेल्यावर मामांनी बंदूक पोलिसांत जमा केली, पण डबा आईनं माळ्यावर पापडाच्या परातीमागं सारून ठेवला होता. आई गेल्यावर तिकडं कोण बघतंय! गेल्या आठवड्यात घर रिकामं करताना तो नेमका माझ्या हाती लागला. इतकी वर्षं आम्ही त्या बंदुकीच्या दारूखाली खुशाल फोडण्या देत होतो. केवढं ओरडला असता तुम्ही.

कारण काडतुसं भरायच्या रविवारी आपली चूल पेटत नसे. सकाळीच दहीभात कालवून ठेवायचा आणि निखारे विझवायचे. शेजारच्या अक्का विचारायच्या, "आज कसला उपास?" आई म्हणायची, "बंदुकीचा." तुम्ही जेवायच्या पाटावर जाड कागद ठेवून गोल छिन्नीनं चकत्या पाडताय, मी पितळी नळकांडी पुसून देतेय. दारू आणि छर्रे तुम्हीच भरायचे, वर चकती बसवून डिंकानं चिकटवायची तेवढी माझ्याकडं. पाटावर गोल वण उठलेले, म्हणून आई करवादतेय.

कनकपुऱ्याकडनं रेशमाची गाडी घेऊन तुम्ही चिकपेटेत, आपल्या पेठेत, यायचा. वाटेत रान, आणि गाड्या लुटल्याच्या बातम्या रोजच्या. आई म्हणायची, "कंपनीची काडतुसं घ्या की हो." त्यावर तुमचं ठरलेलं, "पावसात कंपनीचंच नुसतं टिक् करून बसलं होतं. समोर डुक्कर होतं म्हणून वाचलो. दुसऱ्याच्या हातावर जीव कसा टाकू?" "मग माझ्या हातचं रोज गिळता ते?" असं आई म्हणाली की तुम्ही हसायचा. मामा कोर्टात कारकून, त्यांना वेगळाच घोर. "दाजी, उद्या कुणाला लागलं तर वकील पहिलं हेच विचारील, घरी बसून मुद्दाम काय भरलंत?" "सरी, सरी," असं कानडीत बरं-बरं म्हणून तुम्ही पुन्हा छिन्नी उचलायचा.

मग माझं लग्न ठरलं. जाड, सोनेरी कडेच्या पत्रिका हव्यात हा मुलाकडच्यांचाच हट्ट. पत्रिका छापून आल्या आणि त्यांचा निरोप आला, की मुलाचं दुसरीकडं ठरलं. पेठेत मला तोंड काढायची सोय राहिली नाही. तुम्ही पत्रिकांचा गठ्ठा उचलला आणि आत ठेवून दिलात.

त्या उन्हाळ्यात भरदुपारी तिघांनी कोयते घेऊन तुमची गाडी अडवली. तुम्ही हवेत बार काढलात, ते पळाले. कुणाला खरचटलंही नाही. पण पंचनाम्याला आलेल्या फौजदाराला रस्त्यात अर्धी जळलेली सोनेरी चकती मिळाली. "शुभ" एवढंच वाचता येत होतं. तो म्हणाला, "काय हो, चोरांना लग्नाचं आमंत्रण देत होता?" गाडीवानानं ते चिकपेटेत पोचवलं, आणि मी नळावर गेले की बायका पदराआड हसायला लागल्या.

घरी तुमच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "माझ्या नावाची राख करताय?" तुम्ही ताटातनं मान वर केली नाहीत. "जाड कागद आहे. वाया का घालवायचा?"

एवढंच! अहो, जीव वाचवून आलेला माणूस तुम्ही, आणि मला तुमचा इतका राग आला. तुम्हांला माझी लाज वाटते, नाव एकदाचं उडवून टाकायचंय, असंच मी धरून चालले. पुन्हा कधी चकत्या चिकटवायला बसले नाही. पुढं माझं लग्न झालं, चांगलं झालं. त्याची पत्रिका बोटांत धरून तुम्ही म्हणालात, "एवढी पातळ? काय कामाची!" सगळे हसले. मी नाही हसले.

काल नातवाला बाहेर पाठवलं, गॅस बंद केला आणि एकेक काडतूस उघडलं. दारू पाण्यात ओतली. चकत्या चष्मा लावून वाचल्या. एकीवर त्या पहिल्या मुलाचं नाव. एकीवर त्याच्या बापाचं, पुढं "रावसाहेब" लावलेलं. त्यांचं गाव. मुलाच्या नावापुढचं "बी. ए." तर दोनदा. सोनेरी कडेचं एकही काडतूस सोडलं नाही, अण्णा. माझं नाव एकातही नाही. माझ्या बाजूचे तुकडे तुम्ही कुठं ठेवलेत, ते सापडले नाहीत.

मी पाटावर बसून रडले आणि मग हसूच आवरेना. त्या दिवशी मान वर करून एवढं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं हो तुमचं?

सकाळचा दहीभात होता, तोच खाल्ला. आता एकच विचारायचंय. त्या दुपारी चोरांच्या जागी तो बी. ए. उभा असता, तर बार हवेतच काढला असता का? काढला असता, माहीत आहे मला. तरी तुम्ही नाही म्हणावं, असं अजून वाटतं.